मज्जातंतूंची आग आणि ॲक्युपंक्चरची सुई

रात्री दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभर कामाच्या ओघात विसरलेले तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळू लागतात, पांघरुणाचा नुसता स्पर्शही सोसवत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने सकाळी डोके जड होते पण आग काही विझत नाही, अशा आशयाची पत्रे वाचकांकडून वारंवार येतात. आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो, की नातलगांनी वा शेजाऱ्यांनी सुचविलेले ॲक्युपंक्चर करून पाहावे किंवा कसे. प्रश्न एक असला तरी विचारणारे एकाच स्थितीतले नसतात. कोणी पंधरा वर्षांचे मधुमेही असतात, कोणी कर्करोगावरची औषधे नुकतीच संपवून घरी आलेले असतात, तर कोणाला नागीण होऊन गेल्यावर बरगडीखाली उठणारा चरका सहा महिने लोटले तरी सोडून गेलेला नसतो. तेव्हा सर्वांना एका शब्दात उत्तर देणे शक्य नाही.

तरीही माझे मत आरंभीच सांगून टाकतो. वेदना कमी करण्याचा एक पूरक उपाय म्हणून, ठराविक मुदतीपुरता आणि काही अटी पाळून, ॲक्युपंक्चर करून पाहण्यास माझी हरकत नाही. मज्जातंतू पूर्ववत करणारा किंवा मूळ व्याधी घालविणारा उपाय समजून मात्र त्याच्याकडे जाऊ नये. आणि ज्यांच्या पायांची संवेदनाच गेली आहे त्यांनी पायाला सुई लावू देण्यापूर्वी पुढील मजकूर सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम दुखण्याचे कारण निश्चित करा

मधुमेह आहे आणि पाय जळतात, म्हणजे पाय मधुमेहानेच जळतात, असे आपण सर्वजण गृहीत धरतो, आणि पुष्कळदा डॉक्टरही धरतात. ते बहुधा खरेच असते. पण 'बहुधा' ह्या शब्दाच्या आड कित्येक रुग्णांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. सुईवाल्याकडे जाण्यापूर्वी पुढील शक्यता आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात:

- जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत आणि शुद्ध शाकाहार करणाऱ्यांत ही कमतरता वरचेवर आढळते, आणि आपल्याकडे ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र येणे मुळीच दुर्मीळ नाही. रक्ताची एक साधी तपासणी ह्याचा निकाल लावते. मात्र 'नसांच्या ताकदीची' म्हणून मिळणारी इंजेक्शने आणि गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत, कारण त्यांतील बी-६ चे प्रमाण दीर्घकाळ अति झाले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात.
- क्षयरोगाची औषधे. आयसोनियाझिड चालू असताना हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर पायरिडॉक्सिन मिळते आहे ना, हे विचारावे. उपचार मात्र थांबवू नयेत.
- कुष्ठरोग. अंगावर स्पर्श न कळणारा फिकट वा लालसर चट्टा, कोपराशी किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जाड झालेली आणि दाबल्यास दुखणारी शीर, हातापायातली वाढती दुर्बलता, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. ह्या रोगात शिरेला आलेली सूज वेळेवर योग्य औषधाने उतरविली नाही तर हात किंवा पाय कायमचा वाकडा होतो. तेथे सुईची वाट पाहण्यास अवकाशच नसतो. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते.
- थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, मद्यपान. ह्यांविषयी आपण होऊन डॉक्टरांना सांगावे. मद्यपानाविषयी संकोच करण्याचे कारण नाही, कारण लपविलेल्या कारणावर उपचार होत नाहीत.
- मणक्यात किंवा मनगटात दबलेली शीर. एकाच पायात किंवा हाताच्या ठराविक बोटांतच त्रास असेल तर हा संशय अधिक.

दुखणे एकाएकी आले, काही दिवसांत पायांतून वर चढत गेले, पाऊल उचलता येईनासे झाले, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर हा लेख बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आग वेगळी, बधिरता वेगळी

ह्या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण वाचकांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो आणि सर्वांत मोठी हानीही येथेच होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक शेतकरी आजी आपल्या नातवाबरोबर माझ्याकडे आल्या होत्या. पायांची आग होते म्हणून त्यांनी जवळच्या शहरात एका ठिकाणी सुया लावून घ्यायला सुरुवात केली होती, आणि चार सिटिंगनंतर आग पुष्कळ कमी झाली, हे त्या मोठ्या समाधानाने सांगत होत्या. मी त्यांना आडवे होण्यास सांगून मोनोफिलामेंट हाती घेतला. हा नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो, आणि तो दाब डोळे मिटूनही कळावा अशी अपेक्षा असते. आजींनी डोळे मिटले. अंगठ्याखाली धागा टेकविला, उत्तर नाही, करंगळीखाली टेकविला, उत्तर नाही, "टेकवला का हो?" असे त्यांनीच मला विचारले. टाचेकडे सरकताना माझ्या बोटाला काहीतरी खुपले. भिंगातून पाहिले तेव्हा टाचेच्या भेगेत बाभळीच्या काट्याचे टोक मोडून राहिलेले होते, आणि त्याच्याभोवती पू धरला होता. शेतात जाऊन त्यांना तीन दिवस झाले होते. तीन दिवस तो काटा घेऊन आजी चालत होत्या, आणि आग कमी झाल्याचा आनंद मानीत होत्या.

आग होणे म्हणजे बिघडलेल्या मज्जातंतूने चुकीचा निरोप पाठविणे, आणि बधिरता म्हणजे त्याने निरोपच न पाठविणे. रोग वाढत जातो तेव्हा पहिले कमी होऊन दुसरे वाढते, असेही घडते. आणि अशा वेळी कोणताही उपचार चालू असला तरी श्रेय त्या उपचाराला दिले जाते. म्हणून ॲक्युपंक्चर सुरू करण्यापूर्वी दहा ग्रॅमचा धागा आणि १२८ आवर्तनांचा कंपनकाटा, ह्या दोन्हींनी पायांची परीक्षा करवून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष कागदावर लिहून मागावा. मधुमेहतज्ज्ञाकडे ह्या कामाला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

ह्या परीक्षेवरून पुढचा निर्णय असा घ्यावा:

- वेदना आहे, संवेदना शाबूत आहे. मुदतीपुरता प्रयोग करता येईल.
- वेदनाही आहे, बधिरताही आहे. पाऊल आणि बोटे वगळून, गुडघ्याखाली किंवा हातावर सुया लावता येतील काय, हे व्यावसायिकास विचारावे. पावलालाच लावणे अत्यावश्यक आहे असे सांगितले गेले तर माझा सल्ला नकार देण्याचा आहे.
- केवळ बधिरता आहे, वेदना नाही. सुईने संवेदना परत येते, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. हा पैसा मऊ रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या, मधुमेहींसाठी मिळणाऱ्या एमसीआर चपलांवर खर्च करावा.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. काही ठिकाणी सुईबरोबर वाळलेल्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची पेटती कांडी त्वचेजवळ धरून शेक देतात, त्यास मोक्सा म्हणतात. बधिर पायाला हा शेक, गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडविणे, शेकाची पिशवी, ह्यांपैकी काहीही चालणार नाही. पाय भाजत असल्याचे रुग्णाला कळत नाही, आणि शेक देणाऱ्याला रुग्णाच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी.

गुण येतो की नाही, ह्याचा पुरावा

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कोटणीस हे शल्यचिकित्सक होते, १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ही विद्या भारतात आणून रुजविण्याचे श्रेय त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू ह्यांच्याकडे जाते. कोणाच्या पुण्यस्मरणाने उपचाराचा गुण सिद्ध होत नसतो, म्हणून हा खुलासा.

मज्जातंतूंच्या वेदनेपुरते बोलायचे तर, जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध केला त्यात निकषाला उतरणाऱ्या अवघ्या सहा चाचण्या आणि त्यांतील ४६२ रुग्ण सापडले. आणि ॲक्युपंक्चर उपयोगी आहे असे म्हणण्यास किंवा निरुपयोगी आहे असे म्हणण्यास, दोहोंसही पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी १९९८ साली एचआयव्हीबाधितांच्या पायांच्या वेदनेवर अमेरिकेत २५० रुग्णांची एक काळजीपूर्वक चाचणी झाली होती. तीत नेमून दिलेल्या बिंदूंवर टोचलेल्या सुया आणि भलत्याच ठिकाणी टोचलेल्या सुया ह्यांच्या परिणामात फरक आढळला नाही. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या वेदनेवर काही लहान चाचण्या आशादायक आहेत, पण त्या लहानच आहेत. परदेशी मुलांकडे राहणारे वाचक 'अमेरिकेत सरकारी विमा ॲक्युपंक्चरचे पैसे देतो' असे कळवितात, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मेडिकेअरने २०२० पासून ती सोय केवळ जुनाट कंबरदुखीपुरती दिली आहे. मज्जातंतूंच्या आगीसाठी नाही.

मग मी हरकत नाही असे का म्हणतो? कारण ज्या रुग्णाची साखर ताब्यात आहे, ज्याने योग्य गोळ्या योग्य मात्रेत घेऊन पाहिल्या आहेत, आणि तरीही ज्याची रात्र जळत जाते, त्याला वीस-तीस मिनिटे शांत पडून राहून, स्वच्छ हाताने लावलेल्या केसासारख्या बारीक सुयांनी जर दोन तास अधिक झोप मिळाली, तर ती झोप खोटी ठरविण्याचा अधिकार मला नाही. तिची किंमत किती द्यावी आणि तिच्यासाठी कोणता धोका पत्करावा, एवढेच मी सांगू शकतो.

चालू औषधे थांबवू नका

'आमचे उपचार चालू असेपर्यंत इतर गोळ्या बंद ठेवा' असे कोणी सांगितले तर तेथून उठून यावे. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन एकदम बंद केल्यास झोप उडते, घाम फुटतो, क्वचित झटकेही येतात. ड्युलॉक्सेटिन अचानक सोडल्यास चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात. ही औषधे कमी करायचीच झाली तर ज्यांनी लिहून दिली त्यांनीच टप्प्याटप्प्याने कमी करावयाची असतात. इन्सुलिनच्या बाबतीत तर हा विषयच निघू नये. उलट, अंगदुखीवर मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्यांसारख्या गोळ्या मज्जातंतूंच्या आगीवर फारशा चालत नाहीत आणि मधुमेहीच्या मूत्रपिंडाला मात्र जाचतात. त्या कोणी औषधाच्या दुकानातून आणून घेत असतील तर त्याच बंद कराव्यात.

कोणाकडे जावे

केंद्र सरकारने २००३ साली उपचाराची एक रीत म्हणून आणि पुढे २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून ॲक्युपंक्चरला मान्यता दिली. महाराष्ट्राने तर २०१५ च्या स्वतंत्र अधिनियमान्वये ॲक्युपंक्चर परिषद स्थापन करून व्यावसायिकांची नोंदवही ठेवण्याची तजवीज केली आहे. म्हणून पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा. तो दाखला भिंतीवर लावलेला असावा. नसेल तर निःसंकोच मागावा. भिंतीवरील तीन महिन्यांच्या वर्गाचे प्रशस्तिपत्र आणि परदेशातील परिषदेचे छायाचित्र म्हणजे नोंदणी नव्हे. ही नोंदणी सुई लावण्यापुरती आहे, हेही ध्यानात ठेवावे: तिच्या बळावर आपली साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे बदलण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. ती व्यक्ती स्वतः डॉक्टर असेल तर तो अधिकार तिच्या दुसऱ्या नोंदणीतून येतो.

जे व्यावसायिक प्रथम आपले जुने रिपोर्ट पाहतात, पायांना हात लावून तपासतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी आपण होऊन विचारतात, आणि 'गुण येईलच असे सांगता येत नाही' एवढे बोलण्याचे धैर्य दाखवितात, त्यांच्याकडे जावे. 'मधुमेह मुळापासून' अशी पाटी जेथे असेल तेथे जाऊ नये.

पहिल्या सिटिंगला

उपाशीपोटी जाऊ नये. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवून दीड-दोन तासांनी जावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण सुई लागताच काहींना घेरी येते आणि ती घेरी सुईची की उतरलेल्या साखरेची, हे तत्काळ ओळखता येत नाही. सुया बसून नव्हे, पडून लावून घ्याव्यात. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि मग त्या जागी जडपणा किंवा ताण जाणवतो. इतके अपेक्षित आहे. विजेसारखी तीव्र कळ गेली तर लगेच सांगावे आणि ती सुई काढावयास लावावी.

डोळे उघडे ठेवून पुढील गोष्टी पाहाव्यात:

- सुईचे सीलबंद, निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडले गेले काय. 'तुमच्या सुया तुमच्या नावाने बाटलीत ठेवू आणि पुढच्या वेळी त्याच वापरू' ही काटकसर मान्य करू नये; कावीळ ब आणि क ह्यांचे जंतू बाटलीवरचे नाव वाचीत नाहीत.
- हात धुतले, त्वचा पुसली काय.
- वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकल्या काय. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी हाच डबा सांगितला आहे.
- लावलेल्या सुया मोजल्या आणि काढताना पुन्हा मोजल्या काय. ही मोजणी आपणही करावी.

कोणी सुई टाळावी, कोणी आधी विचारावे

- पायाला जखम, फोड, बुरशी, सूज, काळसर पडलेले बोट: जखम भरेपर्यंत त्या पायाला सुई नाही.
- वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल ह्यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे: डॉक्टरांची लेखी संमती. औषध परस्पर बंद करू नये.
- कर्करोगाची औषधे चालू: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पुरेशा असल्याचा ताजा अहवाल आणि कर्करोगतज्ज्ञांचा होकार. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या बाजूच्या हाताला सूज येते त्या हाताला सुई लावू देऊ नये.
- पेसमेकर: विजेचा प्रवाह जोडलेले ॲक्युपंक्चर नको.
- कृत्रिम झडप: दिवसेंदिवस त्वचेत चिकटवून ठेवावयाच्या बारीक सुया नकोत.
- गर्भवती: प्रसूतितज्ज्ञांस विचारल्याखेरीज नको.

नागिणीनंतरच्या चरक्यासाठी छातीवर किंवा पाठीवर सुया लावल्यास एक धोका वेगळा सांगावा लागतो. सुई खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडू शकते. हे क्वचित घडते. पण सिटिंगनंतर काही तासांत दम लागला, श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचू लागले, तर 'सुईची प्रतिक्रिया' म्हणून घरी न थांबता रुग्णालयात जाऊन छातीची क्ष-किरण तपासणी करवावी.

सहा सिटिंगची मुदत

वीस किंवा तीस सिटिंगचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते, हे खरे असते. आणि त्या सवलतीनेच रुग्ण बांधला जातो. आपण सहा सिटिंगचाच वायदा करावा, आठवड्यास एक किंवा दोन ह्या हिशेबाने, आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्याआधी पूर्ण एक आठवडा, सुई न लावता, एका साध्या वहीत रोज रात्री झोपण्यापूर्वी ठरल्या वेळी चार नोंदी कराव्यात: वेदना शून्यापासून दहापर्यंत किती, काल रात्री किती तास झोप लागली, आज किती चालणे झाले, आणि जादा गोळी घ्यावी लागली काय. आकडा घालताना कालचा आकडा पाहू नये. ह्याच नोंदी सहा सिटिंग संपेपर्यंत चालू ठेवाव्यात, आणि त्या अवधीत इतर कोणतेही नवे औषध, तेल, काढा किंवा पथ्य सुरू करू नये. नाहीतर गुण कोणाचा हे ठरविता येणार नाही. मधुमेहींनी साखरेचे आकडेही शेजारी लिहावेत, कारण साखर सुधारली तरी वेदनेत फरक पडतो.

सहाव्या सिटिंगनंतर पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी काढावी. वेदनाशास्त्रात साधारण तीस टक्क्यांची किंवा दोन अंकांची घट अर्थपूर्ण समजतात. म्हणजे सातावरची वेदना पाचावर आली तर पुढील चार सिटिंग घेण्यास अर्थ आहे. सातावरून साडेसहावर आली असेल तर तेथेच थांबावे. 'अजून शरीर उपचाराला तयार होत आहे' ह्या उत्तरावर आणखी पैसे भरू नयेत. घरातील वृद्ध आईवडिलांच्या वतीने ही वही मुलांनी ठेवली तरी चालेल, मात्र आकडा आईवडिलांनीच सांगावा. मुलांनी आणलेल्या उपचाराला गुण नाही म्हणताना त्यांना जड जाते, आणि आकडा दुसऱ्याने ठरविला तर तो नेहमी खालीच येतो.

खर्च, हक्क आणि तक्रार

आरोग्यविमा आहे म्हणून खर्च परत मिळेल असे समजू नये. बाह्यरुग्ण उपचार आणि ॲक्युपंक्चर ह्यांविषयी पॉलिसीत काय लिहिले आहे ते कंपनीस आधी पत्राने विचारावे. प्रत्येक भरण्याची, नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्यावी. पैसे घेऊन दिलेली ही सेवा आहे, म्हणून पुढील गोष्टी आपणास मागता येतात:

- कोणता उपचार, किती सिटिंग, एकूण खर्च किती आणि धोके कोणते, ह्याची माहिती, आणि ती कळल्यानंतरच संमती;
- आपल्या नोंदींची प्रत;
- स्त्री रुग्णास, इच्छा असल्यास, सोबत दुसरी स्त्री;
- मध्येच उपचार थांबविण्याची मोकळीक.

इजा झाल्यास त्याच दिवशी त्या जागेचे छायाचित्र घ्यावे आणि सरकारी रुग्णालयात दाखवून केसपेपर करवून घ्यावा. पुढे तक्रारीस तोच मुख्य आधार होतो. व्यावसायिकाच्या वर्तनाविषयी ॲक्युपंक्चर परिषदेकडे लेखी अर्ज करता येतो. नुकसानभरपाईसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचे सांगून औषध विकणाऱ्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहेत. सुयांबरोबर अशी 'हमखास' पुडी गळ्यात मारली गेली तर जाहिरातीचा कागद जपून ठेवावा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यावा.

सुया लावण्याचा निर्णय आपण काहीही घेतलात, तरी एक काम आज रात्रीपासून सुरू करा. झोपण्यापूर्वी पाय कोमट पाण्याने धुवा. ते पाणी आधी घरातील दुसऱ्या कोणाच्या कोपराने तपासून घ्या. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, आणि जमिनीवर एक आरसा ठेवून दोन्ही तळपाय दिव्याच्या उजेडात न्याहाळा. चपलेत हात घालून खडा, खिळा, काटा काही नाही ना ते पाहा. काही दिसले तर, दुखत नसले तरी, उद्याच डॉक्टरांना दाखवा.